गवळ्याने चाखलेला चोथा

मे महिन्यात बेळगावात बिअर बनवणाऱ्याला माल्टपेक्षा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यापेक्षा, पाण्याचीच काळजी जास्त. राकसकोप जलाशयाची पातळी उतरली की आमच्या भागात नळाची वाट बघत बसायचं, नाहीतर टँकर. मी काम करतो ती मायक्रोब्रुअरी लहानच, एका खेपेला ५०० लिटर काढणारी. पण ५०० लिटर बिअर म्हणजे ५०० लिटर पाणी नव्हे, हे नव्या माणसाला पटवता पटवता घसा कोरडा पडतो.

त्या दिवशीचा हिशेब रोजचाच होता. माल्ट १०० किलो. भिजवायला किलोमागे २.८ लिटर, म्हणजे २८० लिटर पाणी. वरून दाणे धुवायला, त्याला आम्ही स्पार्ज म्हणतो, आणखी ४०० लिटर, ७६ अंशांवर. या ६८० लिटरपैकी १०० लिटर दाणाच पिऊन बसतो. किलोला साधारण लिटर, ते काही परत देत नाही. १५ लिटर जाळीखाली अडकतात. राहिलं ५६५ लिटर गोड पाणी, म्हणजे वर्ट. तासाभराच्या उकळीत त्यातलं ४५ लिटर वाफ होऊन जातं, २० लिटर तळाच्या गाळात राहतं, तेव्हा कुठे टाकीत ५०० उतरतात. आई भाताचं पाणी बोटाच्या पेराने मोजते आणि तिचं कधी चुकत नाही. मी वही घेऊन बसतो.

केटल, म्हणजे उकळीचं भांडं, भरली, मी मापाची काठी बुडवली. गरम वर्ट ५८० लिटर. थंड झाल्यावर ते ५६५ भरतं, म्हणजे बरोबर. मग हायड्रोमीटर टाकला, वर्टात किती साखर उतरली ते सांगणारा तरंगता काटा. साध्या पाण्यात तो १.००० दाखवतो, साखर जास्त तितका आकडा वर. या आकड्याला आम्ही ग्रेव्हिटी म्हणतो. १.०४४ यायला हवं होतं, आलं १.०३८.

आधी वाटलं नमुना गरम असेल. गरम वर्टात काटा खोटं बोलतो. तांब्यात घेऊन थंड पाण्याच्या बादलीत ठेवला, २० अंशांवर आणला. १.०३८च. मालकांनी एका वाक्यात निकाल लावला, "माल्ट भिकार आलंय, पोती परत पाठव." मी आयोडीनचा थेंब टाकून बघितला. निळा झाला नाही. म्हणजे स्टार्चची साखर झाली होती, दाण्याने आपलं काम केलं होतं.

इथे लिटर आणि ग्रेव्हिटीचे शेवटचे दोन आकडे गुणून एकूण साखरेचा अंदाज घ्यायची सवय उपयोगी पडते. ५६५ गुणिले ४४ म्हणजे २४,८६०. ५६५ गुणिले ३८ म्हणजे २१,४७०. पाणी जास्त पडलं असतं तर ग्रेव्हिटी उतरली असती, पण लिटर वाढले असते आणि गुणाकार तेवढाच राहिला असता. इथे लिटर जागेवर आणि गुणाकारच घसरलेला. १०० किलोतून जास्तीत जास्त ३०,५०० मिळतील असं धरलं, तर एरवीचे ८१-८२ टक्के आज ७० वर आले होते. साखर तयार झाली होती, पण केटलपर्यंत पोचली नव्हती. मग गेली कुठे?

तेवढ्यात कंग्राळीचे गवळीमामा चोथा, म्हणजे धुऊन उरलेले दाणे, न्यायला आले. म्हशींना आवडतो म्हणून प्रत्येक खेपेला ते टेम्पो घेऊन येतात. पोरगा फावड्याने चोथा काढत होता, मामा पाट्या भरत होते. मध्येच थांबून त्यांनी बोटं चाटली.

"सर, आज चोथा गोड लागायलाय की वो. हात बघा, चिकट झालेत."

मी तसाच उठलो. काठाजवळचा चोथा चाखला, पुचाट. मधला चाखला तर शिऱ्यासारखा गोड. आता सगळं लख्ख दिसलं.

सकाळी स्पार्ज चालू असताना वीज गेली होती. गोकाकचा आमचा पोरगा आतून ओरडला होता, "करंट होत्री सर!" मी फाटकावर टँकरवाल्याशी भांडत होतो, हात हलवून म्हटलं, येईल, येईल. दहा-बारा मिनिटांनी आली. पण मधल्या वेळात पंप बंद, वरचं पाणी बंद, आणि खालचा कॉक उघडाच. त्याला वीज लागत नाही. दाण्यांवरचं पाणी उतरलं, थर आवळला आणि भिंतीपासून बोटभर सुटला. वीज आल्यावर वरून पडलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली. भेगाळलेल्या वाफ्यात पाणी सोडलं की ते पिकाला न भिजवता भेगेत जातं, तसं. मधल्या दाण्याला पाणी लागलंच नाही. पोराने आवाज दिला होता. कॉक बंद कर म्हणायचं काम माझं होतं.

निम्मा चोथा पाट्यांत गेला होता, आता पुन्हा धुण्यात अर्थ नव्हता. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, टाकायची थांबवली आणि पाणी उडून वर्ट दाट व्हावं म्हणून एक तास जास्त उकळी दिली. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, इथे पाणी शंभराच्या आधीच उकळतं, पण गॅस त्याने काही कमी लागत नाही. शेवटी १.०४५ वर ४५५ लिटर मिळाले. मालकांना पोत्यांचा विषय सोडायला सांगताना टँकरच्या भांडणाचंही सांगावं लागलं. ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता त्या कॉकवर खडूने मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलंय : करंट गेला की आधी हा बंद.

पुढच्या खेपेला हायड्रोमीटर घेऊन मी केटलपाशी उभा होतो, तोवर मामांनी पाटी भरता भरता बोट तोंडात घातलं आणि तोंड वाकडं केलं.

"आज कायच चव नाही की वो, सर."

मी काटा बघितला. १.०४४.