लाटांचा अंदाज वाचायला मी कशी शिकले

जानेवारी 2023 मधला एक शुक्रवार. सर्फिंगसाठी ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या पकडली तेव्हा मोबाइलवर गोव्यातल्या आश्वे किनाऱ्यासाठी लाटांची उंची 1.3 मीटर दाखवत होती. त्याआधीच्या दोन फेऱ्यांत गुडघाभर लाटाच वाट्याला आल्या होत्या, त्यामुळे तो आकडा बघून मी हरखून गेले. सकाळी थिवीला उतरले, स्कूटर भाड्याने घेतली, किनाऱ्यावर पोचले. समोर गढूळ, फेसाळ पाण्याचा नुसता गोंधळ चालला होता. एका लाटेच्या पाठीवर दुसरी, तिच्या अंगावर तिसरी, आणि वरून समोरून येणारा वारा. आठ फुटी फोमचा बोर्ड घेऊन मी पाऊण तास झगडले, पण लाटा फुटतात त्याच्या पलीकडे काही जाता आलं नाही. रविवारीही तेच. दोन रात्रींचा प्रवास, खोलीचं भाडं, बोर्डाचं भाडं, आणि एकही लाट धड उभं राहून पकडली नाही.

परतीच्या गाडीत मी तोच अंदाज पुन्हा उघडला. उंची खरंच 1.3 होती, अंदाज चुकला नव्हता. त्या आकड्याच्या शेजारी आणखी एक आकडा होता, सहा सेकंद, आणि तो मी वाचलाच नव्हता.

तो आकडा पीरियडचा. पीरियड म्हणजे लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ. जवळच्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा चार, पाच, सहा सेकंदांच्या असतात. लांबवरच्या वादळात जन्मलेल्या आणि हजारो किलोमीटर प्रवास करून आलेल्या लाटांना स्वेल म्हणतात. त्यांचा पीरियड 12, 15, कधी 18 सेकंदांचा असतो. खोल पाण्यात सहा सेकंदांच्या लाटेची लांबी जेमतेम 56 मीटर भरते, तर पंधरा सेकंदांच्या लाटेची साधारण 350. लाटेला तळ जाणवायला लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर. म्हणजे सहावाली लाट 28 मीटर खोलीपर्यंत बेफिकीर येते आणि किनाऱ्याजवळ येऊन कोसळते. पंधरावालीला पावणेदोनशे मीटर खोलीवरच तळ लागतो. तिथून ती वळत, आवळत, उंच होत येते. मोबाइलवर 0.7 मीटर दिसणारी अशी लाट फुटताना दीडपटीच्या जवळ जाते, आणि तिच्या मागच्या लाटेपर्यंत बोर्ड वळवून हात मारायला पुरेसा वेळ मिळतो.

हे मला एका दिवसात कळलं नाही. वर्षभर लागलं, आणि ते वर्ष मी एका दोनशे पानी वहीत उतरवलं. निघण्याआधी अंदाजाचे आकडे डावीकडे, पाण्यातून बाहेर आल्यावर प्रत्यक्ष काय होतं ते उजवीकडे. उजवी बाजू आळस न करता ओल्या हातांनी तिथल्या तिथे लिहायची, कारण संध्याकाळपर्यंत आठवण गोड होत जाते आणि छातीएवढी लाट डोक्याएवढी वाटायला लागते.

वहीने पहिली गोष्ट शिकवली ती अशी की एकत्र उंचीवर कधीही भिस्त ठेवायची नाही. विंडीसारख्या अ‍ॅपवर ‘वेव्ह्ज’ म्हणून जो आकडा दिसतो, त्यात स्वेलही असतो आणि तिथल्या तिथे वाऱ्याने उठलेल्या लाटाही. 0.8 मीटरचा स्वेल आणि 1 मीटरच्या वाऱ्याच्या लाटा एकत्र आल्या की बेरीज 1.8 होत नाही, साधारण 1.3 होते. माझ्या जानेवारीच्या 1.3 मध्ये तर स्वेल जवळजवळ नव्हताच. म्हणून आता मी ‘स्वेल’ आणि ‘विंड वेव्ह्ज’ हे थर वेगळे उघडून बघते. शिवाय ही जी उंची देतात, ती सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. अधूनमधून त्याच्या दुप्पट उंचीची लाट येणारच, आणि आपल्या कुवतीचा हिशेब तिच्यावर करायचा असतो.

दुसरी गोष्ट दिशेची. स्वेलची आणि वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिथून येतो ती. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात, तसंच. पण नकाशावरचा बाण तो जातो तिकडे टोक करून असतो, आणि सुरुवातीला आकडा आणि बाण यांत माझी गल्लत व्हायची. आमच्या या किनाऱ्याला दोन ठिकाणांहून लाटा येतात असं म्हटलं तरी चालेल. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडून शमाल नावाचे वायव्य वारे सुटतात. त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून येतात, पीरियड कमी, अंगावर आदळणाऱ्या. आणि वर्षभर कमी-अधिक येत राहतो तो दक्षिणेचा स्वेल, थेट चाळीस-पन्नास अक्षांश दक्षिणेच्या वादळपट्ट्यातून. त्या वादळांपासून गोव्यापर्यंत साडेसहा हजार किलोमीटरच्या पुढे अंतर आहे. स्वेलचा ताशी वेग काढायचा सोपा हिशेब म्हणजे पीरियडला पावणेतीनने गुणायचं. पंधरा सेकंदांचा स्वेल ताशी चाळीस-बेचाळीस किलोमीटरने येतो, दिवसाला हजार किलोमीटर. म्हणजे सहा-सात दिवस.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत नकाशा सरकवत बसले होते. सोमवारी ऑफिसात बसलेली असताना तिकडे मादागास्करच्याही खाली वादळ घोंघावतंय, आणि त्याची लाट रविवारी सकाळी माझ्या पायांखाली येणार आहे. अजूनही हे मला फार मोठं वाटतं.

आणि या सहा-सात दिवसांमुळेच तिकिटाचं गणित जमतं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं, आणि इतक्या आधी समुद्राबद्दल काहीही सांगता येत नाही. म्हणून मी शुक्रवारच्या गाडीसाठी तत्काळवर अवलंबून राहते. स्लीपरचं तत्काळ गुरुवारी सकाळी अकराला उघडतं. याचा अर्थ बुधवारी रात्री निर्णय झालाच पाहिजे. सोमवारी फक्त वादळ आहे का बघायचं. बुधवारी संगणकावर हवामानाचा अंदाज काढणारी दोन मॉडेलं, युरोपचं आणि अमेरिकेचं जीएफएस, शेजारी शेजारी ठेवायची. दोघांचा पीरियड आणि दिवस जुळले तर जायचं. एक शनिवार म्हणतोय आणि दुसरा सोमवार, तर घरी बसायचं.

वारा मात्र मॉडेलांवर सोडता येत नाही, आणि यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण आपल्या किनाऱ्यावर वाराच बहुतेक दिवस बिघडवतो किंवा घडवतो. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो. परीक्षेत दोन गुणांना यायचे. दिवसा जमीन लवकर तापते, वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर निवते, वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. सर्फिंगला मतलई हवा. तो लाटेच्या तोंडावर समोरून येतो, तिला थोडा वेळ उभी धरतो, पृष्ठभाग काचेसारखा ठेवतो. खारा वारा लाटेला मागून ढकलतो आणि ती वेळेआधीच ढासळते.

आता गंमत अशी की जगभराच्या मॉडेलांत समुद्र आणि जमीन चौकोनांत वाटलेली असते. जीएफएसचे आकडे बहुतेक ठिकाणी पंचवीस-सत्तावीस किलोमीटरच्या चौकोनाचे मिळतात. आश्वेचा चौकोन अर्धा पाण्यात आणि अर्धा पेडण्याच्या डोंगरांवर. त्यात पहाटेचा मतलई वारा पुसट होऊन जातो. माझ्या वहीत अशा अकरा सकाळी आहेत, जिथे डावीकडे ‘वायव्य, 5 नॉट’ लिहिलंय आणि उजवीकडे ‘पूर्वेचा गार वारा, पाणी सपाट’. एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर. पाच नॉटचा अंदाज असेल तर मी पहाट सोडत नाही. बारा नॉट वायव्य रात्रभर दाखवत असेल तर मतलई त्याला पुरा पडत नाही, हेही वहीनेच दाखवलं.

गाडीने गेलं की शनिवारची सकाळ हातची जाते, थिवीला उतरेपर्यंत ऊन वर आलेलं असतं. म्हणून माझा खरा दिवस एकच, रविवार, उजाडल्यापासून दहा वाजेपर्यंत.

मे 2024 ची गोष्ट सांगते. एप्रिलच्या शेवटी दक्षिण हिंदी महासागरात नकाशावर वादळाचा जांभळा डाग दिसला. मी दिवस मोजले, 4 मे, शनिवार. इतका मोठा पीरियड मी आधी बघितला नव्हता आणि उंची कागदावर फार नव्हती. मला जायचंच होतं. मग हैदराबादच्या इन्कॉइसने, म्हणजे समुद्राचे अंदाज देणाऱ्या आपल्या सरकारी संस्थेने, 4 आणि 5 मेसाठी पश्चिम किनाऱ्याला इशारा दिला. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, चोरून येणारा समुद्र. तिथे वारा नसतो, आभाळ निरभ्र असतं आणि पाणी अचानक वर चढतं. संस्थेच्या माहितीनुसार 28 एप्रिलच्या सुमारास दक्षिणेत अकरा मीटरच्या लाटा उठल्या होत्या. मी गुरुवारी तत्काळ काढलं नाही.

लांब पीरियडच्या स्वेलचा धोका मला तेव्हा नीट समजला. त्याच्या मोठ्या लाटा गटागटाने येतात आणि दोन गटांच्या मध्ये समुद्र दहा-दहा मिनिटं शांत बसतो. किनाऱ्यावर आलेला माणूस पाच मिनिटं बघतो, म्हणतो काही नाही, आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरतो. 6 मेला कन्याकुमारीजवळ वैद्यकीय शाखेचे पाच विद्यार्थी वाहून गेले. ती बातमी वाचल्यापासून मी पाण्यात उतरण्याआधी वीस मिनिटं वाळूत बसते. उशीर झाला असेल तरी बसते. लाल झेंडा असेल तर बसतही नाही, परत फिरते.

भरतीचा हिशेब सर्वांत सोपा निघाला, आणि तो अ‍ॅपवरून नाही तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्या एका काकांकडून मिळाला. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा असेल तर सव्वाअकरा. तक्त्याशी ताडून बघितलं, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. आश्व्याला माझ्या बोर्डाला मधलं, चढतं पाणी मानवतं. पूर्ण ओहोटीत लाट आख्खी एकदम कोसळते, पूर्ण भरतीत ती थेट वाळूवर येऊन आपटते. म्हणजे पहाटेसाठी अमावास्या-पौर्णिमेपासून तृतीयेपर्यंतचे दिवस बरे, आणि अष्टमीचा आठवडा शक्यतो टाळायचा. उधाणात पाण्याला ओढही जास्त असते, हे ध्यानात ठेवून.

गेल्या वर्षी, मार्च 2025 मध्ये, हे सगळं एका रविवारी जुळून आलं. स्वेल 0.7 मीटर, पंधरा सेकंद, नैर्ऋत्येच्याही जरा दक्षिणेकडून. वारा पहाटे तीन नॉट. तिथी द्वितीया, म्हणजे भरती दीडला आणि ओहोटी सव्वासातच्या आसपास. सोबत यायची ती मैत्रीण उंची बघून म्हणाली, सत्तर सेंटिमीटरसाठी कोण एवढं जाईल. मी एकटी गेले.

साडेसहाला किनाऱ्यावर पोचले तेव्हा वाळू पायाला गार लागत होती आणि पाठीवर पूर्वेचा वारा होता, त्यात माडाच्या झावळ्या जाळल्याचा वास. समुद्र तळ्यासारखा. मी बसले, घड्याळ काढलं. सात मिनिटांनी क्षितिजाजवळ एक काळी रेघ उमटली, मग तिच्या मागे दुसरी. पहिली फुटली त्या जागेवर नजर ठेवून मी दहा लाटा मोजायचं ठरवलं, पण गटात पाचच होत्या. पहिलीपासून पाचवीपर्यंत चार अंतरं, 58 सेकंद. साडेचौदा.

काका जाळी उलगडत होते. बोर्ड बघून म्हणाले, “धा वाजले काय वारो फिरतलो, बाय. त्याच्याआधी भायेर ये.” मोबाइलवर वारा फिरायची वेळ अकरा होती.

साडेसातला पाणी चढायला लागलं. पहिल्या गटातली पहिली लाट मी सोडली, दुसरीही सोडली. तिसरीला हात मारले. मागून जी उचल मिळाली ती त्या जानेवारीतल्या धक्क्यासारखी नव्हती. कुणीतरी बोर्डाखाली हात घालून अलगद वर घ्यावं तशी होती. उभी राहिले तेव्हा लाटेचं तोंड डावीकडे लांबवर उघडं होतं, हिरवं, आणि मतलई वाऱ्याने तिच्या माथ्यावरचे तुषार माझ्या डोक्यावरून मागे उडत होते. दोन तासांत नऊ लाटा. त्यातल्या चार मी शेवटपर्यंत नेल्या.

दहाला थोडं कमी असताना पाठीवरचा वारा थांबला. मिनिटभर काहीच नाही. मग पाण्यावर पश्चिमेकडून बारीक शहारा आला आणि गालाला खारट ओल लागली. मी पुढच्या गटाची वाट न बघता बाहेर आले, टॉवेलला हात पुसले आणि वहीच्या उजव्या पानावर लिहिलं: वारा फिरला 9.50. डावीकडच्या अकराभोवती गोल केला, आणि शेजारी काकांचे दहा लिहून ठेवले.