ताईच्या रिसेप्शनचा खणाचा कॉर्सेट

शुक्रवार, रात्र

कॉर्सेट म्हणजे धड आवळून धरणारं, आत ताठ पट्ट्या असलेलं, पाठीवर नाडीने बांधायचं वस्त्र. त्याच्या कळ्या (कापडाचे उभे तुकडे) जोडून झाल्या, पोलादी पट्ट्या आत सरकवून झाल्या. आता पाठीवरची नाडीची भोकं चालू आहेत. बोटं ठणकतायत, तरी लिहायला बसलेय, कारण संध्याकाळी आई शेजारी बसून बराच वेळ बघत होती आणि शेवटी तिने विचारलंच, "अगं, एवढं आवळून ती पोर जेवणार कशी?"

आईला आकडे सांगितले. ताईची कंबर ३० इंच. कॉर्सेट पूर्ण मिटला तर २६ भरेल, पण पाठीशी दोन इंचांची फट ठेवायचीच आहे, म्हणजे अंगावर तो २८ चा बसणार. दोन इंचांनी जीव कोंडत नाही. परकराची नाडी एका रेषेत रुतते, तसं यात होत नाही. ताण सगळ्या धडावर वाटला जातो. शिवाय ताईचा घागरा चांगलाच जड आहे. कॉर्सेटची खालची कड घागऱ्याच्या आत जाणार आणि घागऱ्याची नाडी या जाड कापडावर बसणार. रात्री उशिरापर्यंत उभं राहायचं असेल तेव्हा तिला याचा आधार होईल. युरोपातल्या बायका घेरदार परकर कॉर्सेटवरच बांधायच्या. फक्त दरबारातल्याच नव्हे, कष्टाची कामं करणाऱ्या बायकाही तो रोज घालत. कंबर बारीक दिसावी म्हणून बायका बरगड्या काढून घेत, ही गोष्ट लोक खुशाल सांगतात. तिला पुरावा नाही. इतक्या निगुतीने शिवलेल्या वस्त्राची एवढीच ओळख उरावी याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वरून कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण आहे, जांभळा, हिरव्या काठाचा. खणाचा काठ सरळ, तो वळणदार कळीवर बसत नाही, ओढाताण केली तर नक्षी वाकडी दिसते. म्हणून काठ पुढच्या मधल्या दोन कळ्यांवर उभा घेतलाय आणि बाजूच्या कळ्या नुसत्या अंगाच्या कापडाच्या. पण खणावर ताण येऊच द्यायचा नाही. ताण घेणारं कापड आतलं. कॉर्सेटसाठी कुटील नावाचं घट्ट विणीचं सुती कापड वापरतात. मी त्याऐवजी ड्रिल नावाचं जाड कापड घेतलं. ते दोन्हीकडून ओढून बघितलं आणि ज्या बाजूने कमी ताणतं ती बाजू कमरेभोवती येईल अशा कळ्या बेतल्या. आतून कमरेच्या रेषेवर एक न ताणणारी सुती पट्टी फिरवलीय, म्हणजे सगळा भार जोडाच्या टिपांवर येत नाही.

आधी मांजरपाटाचा कच्चा कॉर्सेट ताईच्या अंगावर घालून बघितला होता. तिची उजवी बाजू डावीपेक्षा किंचित भरलेली आहे. टाचण्या लावल्यावर ते स्पष्ट दिसलं, म्हणून डाव्या-उजव्या कळ्या वेगवेगळ्या कापल्या. साध्या ब्लाउजला हे कोणी करत नाही. इथे पाव इंचाचा फरकसुद्धा सुरकुती होऊन वर येतो.

पट्ट्या दोन प्रकारच्या घेतल्या. नाडीच्या भोकांशेजारी सपाट पोलादी, कारण तिथे कड ताठ राहायला हवी. वळणाच्या जोडांवर स्प्रिंगसारख्या गुंफलेल्या, त्या पुढेमागे वाकतात तशा आडव्याही वाकतात. पूर्वी इथे व्हेलमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पाती घालत. 'व्हेलबोन' म्हणत, पण ती हाडं नसतातच; व्हेल त्यांनी पाण्यातून अन्न गाळून घेतो. अठराव्या शतकात बहुतेक पुरुष शिंपीच हे काम करायचे. दोन थरांमध्ये हाताने बारीक टाके घालून अरुंद खाचा शिवायच्या आणि एकेक पात आत ढकलायची. माझ्याकडे मशीन आहे, तरी दाभणासारखी ताठ पट्टी खाचेत उतरवताना कापड किती विरोध करतं ते कळलं.

आणि ही भोकं! धातूच्या रिंगा १८२८ च्या सुमारास निघाल्या. त्याआधी सगळी भोकं हातानेच गुंफत. मीही हातानेच करतेय, कारण खणावर पितळी रिंग मला डोळ्यांना खुपली. पंचने भोक पाडलं तर धागे तुटतात आणि ओढ बसली की कापड उसवत जातं. म्हणून आरी घ्यायची, टोक हळूहळू फिरवत आत घालायचं. धागे न तुटता बाजूला सरतात, आधी ड्रिलचे, मग खणाचे. आरी काढली की भोक लगेच मिटायला लागतं, तेवढ्यात मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने गोल टाके घालायचे, प्रत्येक टाका ओढून घट्ट बसवायचा. मधेच आरी पुन्हा फिरवायची. खणाचे रेशमी धागे असे सरकून गच्च बसतात की भोकाला उठावदार काठ येतो. हिरवा दोरा घेतलाय, काठाशी जुळणारा.

डावी बाजू पुरी झाली. उजवी सकाळी करेन, मग वरच्या-खालच्या कडांना उरेब (तिरकी कापलेली) पट्टी. पट्टी लावण्याआधी ताईला बोलावलंय. कॉर्सेट घालून तिने खुर्चीत बसायचं, वाकून चपला घालायच्या आणि आईच्या हातचं पोटभर जेवायचं. काखेत टोचलं तर वरची कड खाली उतरवता येते, मांडीशी टोचलं तर खालची वर घेता येते; पट्टी लागल्यावर ते अवघड.