व्हिगन पाहुणचाराची प्रगती नोंद : आठ जणांचं जेवण, दोन तास टेबलावर

गॅसवरून उतरवताना चाखलेला पदार्थ आणि पाहुण्यांच्या ताटात पडलेला पदार्थ एकच, असं धरून चाललं की व्हिगन (दूध-अंड्यासकट कुठलाही प्राणिज पदार्थ नसलेला) बेत फसतो. साय, लोणी, अंडं यांच्या जागी येणारे घटक गरम असताना एक वागतात आणि निवल्यावर दुसरंच. काजूचं क्रीम दाट होत जातं, नारळाचं क्रीम ओघळतं, काबुली चण्याच्या पाण्याचा फेस खाली पाणी सोडतो. घरच्या चार जणांनी लगेच खाल्लं तर यातलं काहीच कळत नाही. आठ जण आले, गप्पा लांबल्या की सगळं उघडं पडतं.

म्हणून या टप्प्यावर प्रत्येक पदार्थाला एकच कसोटी लावली आहे : तासाभराने तो कसा दिसतो आणि पुन्हा गरम केल्यावर मिळून येतो का. खालची प्रमाणं आठ जणांसाठी, तापमान सेल्सिअसमध्ये.

काजूचं क्रीम

सध्याचं प्रमाण १५० ग्रॅम काजूला १८० मिली पाणी. काजू साध्या पाण्यात चार ते सहा तास, घाई असेल तर उकळत्या पाण्यात अर्धा तास भिजवायचे आणि भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं. साध्या मिक्सरमध्ये वाटताना सगळं पाणी एकदम ओतलं तर कण पाण्याबरोबर गरगर फिरत राहतात, पात्याखाली येत नाहीत, आणि कितीही वाटलं तरी रवाळपणा जात नाही. आधी ६० मिली पाण्यात घट्ट वाटण करायचं, कडा दोनतीनदा खरवडून घ्यायच्या, वाटण दोन बोटांत चोळून पाहायचं. कण लागला नाही की मगच उरलेलं पाणी.

काजूत स्टार्च असतो, ही गोष्ट इथे निर्णायक आहे. न तापवलेलं क्रीम सरसरीत दिसतं, पण सॉसमध्ये घालून उकळी फुटू लागली की दोन मिनिटांत आळतं, आणि निवताना आणखी. पातेल्यात ‘बरोबर’ वाटलेला सॉस तासाने चमच्याला चिकटून राहतो. त्यामुळे उतरवताना तो हवा त्यापेक्षा पातळच असला पाहिजे : चमच्याच्या पाठीवर जेमतेम थर धरेल इतका. वाढण्याआधी गरम करताना दोनतीन मोठे चमचे गरम पाणी घालून व्हिस्कने फेटलं की तो पुन्हा सैल होतो. गार पाणी घातलं तर गुठळ्या मोडायला वेळ लागतो. आच मंदच हवी आणि पातेलं जाड बुडाचं, कारण हा स्टार्च तळाला बसतो आणि करपल्याचा वास सगळ्या सॉसला लागतो. तळ लागला असं वाटलं तर खरवडायचं नाही, वरचं अलगद दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यायचं. लिंबू किंवा व्हिनेगर गॅस बंद केल्यावर.

पाहुण्यांत कुणाला काजू-बदाम चालत नसतील तर सोललेल्या सूर्यफुलाच्या बिया त्याच वजनाने. भिजवून दहा मिनिटं उकळल्या तर मऊ वाटल्या जातात. रंग मात्र राखाडीकडे झुकतो. थोडं लिंबू घातलं की जरा उजळतो, आणि सोडा कधीही घालायचा नाही. या बियांतलं क्लोरोजेनिक ॲसिड अल्कलीशी मिळालं की मिश्रण हिरवं पडतं. खायला काही धोका नसतो, पण पाहुण्यांना ते समजावत बसण्यापेक्षा मशरूमसारख्या गडद सॉसमध्येच हे क्रीम वापरलेलं बरं.

मशरूम आणि त्याखालचा रस

६०० ग्रॅम मशरूम तेलात टाकून परतण्याची पद्धत सोडून दिली आहे. कच्च्या मशरूममध्ये हवेचे कप्पे असतात. ते तेल पिऊन घेतात, मग आणखी तेल घालावं लागतं, आणि शेवटी आकसताना तेच तेल बाहेर येऊन सॉसवर तवंग धरतं. आता रुंद पॅनमध्ये मशरूम, १०० मिली पाणी आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून पाच मिनिटं झाकण ठेवायचं. मशरूम बसले, त्यांचं स्वतःचं पाणी सुटलं की झाकण काढून ते पूर्ण आटवायचं, आणि पॅन चुरचुरायला लागल्यावर फक्त दोन मोठे चमचे तेल. ब्राउन व्हायला त्यानंतर सहासात मिनिटं पुरतात. पॅन लहान असेल तर दोन वेळा करावं, एकावर एक थर असला तर ते उकडत राहतात.

स्टॉकसाठी २० ग्रॅम सुके शिताके मशरूम आणि १० ग्रॅम कोंबू (सुकवलेलं समुद्री शेवाळ) ७५० मिली गार पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये कोंबूतूनच ग्लुटामेट (चव भरणारा घटक) वेगळं काढलं होतं. सुक्या शिताकेत ग्वानिलेट हा तसाच दुसरा घटक असतो आणि ही दोन एकत्र आली की चव बेरजेपेक्षा जास्त भरते. फक्त भाज्यांच्या सालींचा स्टॉक पातळ लागतो तो याच कारणाने. कोंबू उकळू द्यायचा नाही, बुळबुळीतपणा आणि कडवट छटा येते. शिताकेच्या तळाशी रेती बसते, म्हणून शेवटचे दोनतीन चमचे पाणी भांड्यातच सोडून द्यावं. स्टॉक तिसऱ्या हिश्श्याने आटवून मग त्यात काजूचं क्रीम. मीठ सगळ्यात शेवटी, कारण आटताना खारटपणा वाढतो.

तोफू : कुरकुरीत नको

कॉर्नफ्लोअर लावून २२० अंशांवर २५ मिनिटं भाजलेला तोफू (सोया दुधाचं पनीर) ओव्हनमधून काढल्यावर उत्तम लागतो आणि अर्ध्या तासात चामट होतो. पाहुण्यांसाठी ही शर्यत लावूच नये. ८०० ग्रॅम घट्ट तोफू आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये टाकायचा, वितळल्यावर दोन पाट्यांमध्ये दाबून पाणी काढायचं. बर्फाच्या कणांनी आत जाळी पडलेली असते, त्यामुळे तो स्पंजसारखा रस शोषतो. गोठल्यावर तो पिवळट दिसतो, त्याची काळजी नको, वितळला की रंग बऱ्यापैकी परततो. वरच्या मशरूम सॉसमध्ये मंद आचेवर २० मिनिटं. असा तोफू थांबल्याने बिघडत नाही, उलट मुरतो. सिल्कन म्हणजे अगदी मऊ तोफूवर हा प्रयोग करू नये, त्याचा चुरा होतो.

मेयोनीज

१०० मिली बिनसाखरेचं सोया दूध, २०० मिली वास नसलेलं तेल, एक छोटा चमचा मोहरीची पेस्ट, अर्धा चमचा मीठ. सोया दूध आणि तेल दोन्ही खोलीच्या तापमानाला. उंच, अरुंद भांड्यात हँड ब्लेंडर तळाला टेकवून वीस सेकंद न हलवता चालवायचा, खालून पांढरं चढत आलं की हळूहळू वर. दोन छोटे चमचे लिंबाचा रस शेवटी, तो घालताच घट्टपणा येतो. बदामाच्या किंवा तांदळाच्या दुधात प्रथिनं अपुरी पडतात, तिथे हे प्रमाण जमत नाही. फुटलं तर ३० मिली ताजं सोया दूध दुसऱ्या भांड्यात घेऊन फुटलेलं मिश्रण थेंबाथेंबाने त्यात फेटावं. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल ब्लेंडरमध्ये कडू होतं.

ॲक्वाफाबा मूस

काबुली चणे शिजवलेल्या पाण्याचा अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस होतो, हे फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी २०१४ मध्ये दाखवलं. ‘ॲक्वाफाबा’ हे नाव पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या गूस वोल्ट यांनी दिलं. एका अंड्याच्या पांढऱ्याच्या जागी साधारण दोन मोठे चमचे धरतात.

घरी करायचं तर २५० ग्रॅम चणे भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात मऊ शिजवावेत. कुकरमध्ये तेलाचा थेंबही नको. फेस न येण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं. चणे त्याच पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये राहू द्यायचे. सकाळी गाळलेलं पाणी गार असताना अंड्याच्या पांढऱ्याइतकं लिबलिबीत वाटलं पाहिजे. पातळ असेल तर तिसरा हिस्सा आटवून पुन्हा गार करावं. डब्यातलं पाणी वापरायचं तर बिनमिठाचं निवडावं.

मूससाठी असं पाणी १५० मिली, पाव छोटा चमचा क्रीम ऑफ टार्टर (फेस टिकवणारी आंबट पावडर), तीन मोठे चमचे बारीक साखर, २०० ग्रॅम डार्क चॉकलेट. भांडं काचेचं किंवा स्टीलचं, आतून व्हिनेगरने पुसलेलं. प्लास्टिकला ओशटपणा धरून राहतो. इलेक्ट्रिक बीटरने दहा मिनिटांपर्यंत फेटावं लागतं. अंड्याचा फेस जास्त फेटल्याने रवाळ होतो, हा होत नाही, त्यामुळे कमी फेटण्यापेक्षा दोन मिनिटं जास्त परवडतात. भांडं उलटं केलं तरी फेस हलला नाही, की झालं.

चॉकलेट वितळवून ३५ अंशांच्या आसपास येऊ द्यायचं. बोटाला ना गरम ना गार. त्याहून गरम असेल तर फेस बसतो. गार झालेलं असेल तर थंड फेसाला लागताच त्याचे कडक कण होतात आणि मूस दाताखाली करकरतो. आधी फेसाचा तिसरा हिस्सा चॉकलेटमध्ये बिनधास्त ढवळून ते सैल करावं, मग उरलेला फेस अलगद घडी घालत मिसळावा. फेस निम्म्याच्या आसपास खाली बसतो, चॉकलेटच्या स्निग्धतेने तो बसणारच. लगेच वाट्यांत भरून चार तास फ्रीजमध्ये. कोको बटर घट्ट होऊन उरलेले बुडबुडे जागच्या जागी धरून ठेवतं, म्हणून हा मूस टेबलावरही उभा राहतो. नुसता गोड फेस सजावटीला वर ठेवला तर मात्र तासाभरात त्याच्या खाली पाणी जमतं.

मेरँगचं (फेटलेल्या गोड फेसाच्या ओव्हनमध्ये वाळवलेल्या कुरकुरीत वड्यांचं) सांगायचं तर, हा फेस अंड्यासारखा उष्णतेने शिजून घट्ट होत नाही, तो फक्त वाळतो. १०० अंशांवर दीड ते दोन तास आणि बंद ओव्हनमध्येच निवणं. हवा दमट असेल तर हवाबंद डब्यातून काढल्यावर तो चिकट व्हायला वेळ लागत नाही. पावसाळी दिवसाच्या बेतात तो नकोच.

नारळाच्या फेटलेल्या क्रीमवरही भिस्त ठेवू नये. खोबरेल २४-२५ अंशांना वितळतं, खोली त्याहून उबदार असली की क्रीम ओघळणारच. फ्रीजमधून काढून थेट वाटीत वाढायचं असेल तरच.

आगर

सध्या सगळ्यात भरवशाचा पदार्थ हाच. आगर म्हणजे समुद्री शेवाळापासूनची जेली बांधणारी पावडर, प्राणिज जिलेटिनच्या जागी. जिलेटिन उबदार खोलीत पाघळतं. आगर ४० अंशांच्या खाली सेट होतं आणि पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास जावं लागतं, म्हणजे टेबलावर त्याला काही होत नाही. कच्चा अननस किंवा पपईही यात चालते. त्यांतली एन्झाइम्स जिलेटिनमधलं प्रथिन तोडतात, आगर प्रथिन नाहीच.

पाणी आणि फळांचा रस मिळून ५०० मिलीला ४ ग्रॅम पावडर. रस आंबट असेल तर त्यात आगर उकळू नये, पकड सैल होते. २०० मिली पाण्यावर पावडर भुरभुरून पाच मिनिटं ठेवावी, उकळी आल्यावर तीन मिनिटं ढवळत शिजवावी, मग ३०० मिली रस त्यात ओतावा. रस फ्रीजमधला गार नसावा, नाहीतर आगर तिथल्या तिथे धाग्यांसारखं आळतं. साच्यात ओतण्याआधी एक चमचा मिश्रण गार बशीवर टाकून दोनतीन मिनिटं थांबावं. सैल वाटलं तर थोड्या पाण्यात आणखी अर्धा ग्रॅम वेगळं उकळून मिसळायचं, घट्ट वाटलं तर कोमट रस वाढवायचा. रात्रभरात कडेने थोडं पाणी सुटतं, वाढण्याआधी ते निथळून टाकावं. फ्रीझरमध्ये ठेवलं तर जेलीचा स्पंज होतो.

पाकिटावरचं वाचन आणि ॲलर्जी

लपलेले प्राणिज घटक असे असू शकतात : डार्क चॉकलेटमध्ये मिल्क फॅट, मार्जरिनमध्ये व्हे (दुधाची निवळी), ‘नॉन-डेअरी’ क्रीमरमध्ये केसिन (दुधातलं प्रथिन), वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासे, लाल रंगात किड्यांपासूनचं कार्माइन म्हणजे ई१२०, चकचकीत गोळ्यांवर शेलॅक (लाख) म्हणजे ई९०४. वाइन निवळायला माशापासून काढलेलं आयसिंग्लास किंवा अंड्याचा पांढरा भाग वापरलेला असू शकतो. मधाचा विसर तर हमखास पडतो.

याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. दूध-अंडं वगळून जे येतं, ते काजू, सोया, गव्हाचं ग्लुटेन, तीळ, मोहरी. म्हणजे ॲलर्जीच्या यादीतलं जवळपास सगळं एकाच टेबलावर. ‘व्हिगन आहे, सगळ्यांना चालेल’ हे वाक्य धोक्याचं आहे. निमंत्रण देतानाच विचारून घ्यावं, प्रत्येक टप्प्यात काजू-सोया नसलेला एक तरी पदार्थ ठेवावा, त्याचा डाव वेगळा, आणि तो मिक्सर घासल्यावर सगळ्यात आधी करावा. पदार्थापुढे घटकांची चिठ्ठी ठेवली की वाढणाऱ्याला प्रत्येकाला उत्तर द्यावं लागत नाही.

क्रम

आदल्या दिवशी सकाळी तोफू फ्रीझरमध्ये, चणे शिजवायला. रात्री तोफू बाहेर काढून फ्रीजमध्ये वितळायला, स्टॉक भिजत, आगर सेट, मेयोनीज तयार. त्या दिवशी सकाळी मूस, काजू भिजत. पाहुणे यायच्या दोन तास आधी मशरूम, मग सॉस, मग त्यात तोफू. शेवटचा अर्धा तास फक्त गरम करण्यासाठी. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये. हा नियम काजूच्या सॉसलाही लागू, दूध नाही म्हणून सूट नाही. मेयोनीज अर्धं अर्धं बाहेर आणावं.

यादीतून काढलेला पदार्थ एकच, टॅपिओका (साबुदाण्याच्या) स्टार्चचं ताणलं जाणारं ‘चीज’. २५० मिली काजूच्या पातळ दुधाला चार मोठे चमचे स्टार्च घालून ढवळत शिजवलं तर गरम असताना छान तार येते, पण टेबलावर निवलं की रबर होतं. ओव्हनमधून थेट ताटात जाणाऱ्या पदार्थावर वापरायला हरकत नाही. पुढच्या टप्प्यात सूर्यफुलाच्या क्रीमचा रंग : भाजलेली लाल सिमला मिरची घालून राखाडीपणा झाकतो का, आणि तासाभराने तो सॉस किती आळतो.