मधली दोन अक्षरं

बोयावर, म्हणजे समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या खुणेवर, बसलेला कुरव (सीगल) दिसला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले असतील. उजव्या पायात पांढरं प्लास्टिकचं कडं, त्यावर काळी अक्षरं. समुद्रपक्ष्यांच्या पाहणीसाठी मला बोटीवर घेतलं होतं ते नेमकं यासाठीच. कड्यावरचा क्रमांक वाचता आला, की तो पक्षी कुठे आणि कधी पकडून सोडला होता याचा माग लागतो. मी सात-आठ फ्रेम मारल्या, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर नजर टाकली, झकास वाटलं. पक्षी उडाला.

भर उन्हात तो पडदा मुळातच अंधारलेला दिसतो, त्यामुळे जळालेला, म्हणजे जास्त उजेडानं पांढराफटक पडलेला, फोटोही त्यावर बरा वाटतो. दुपारी केबिनच्या सावलीत बसून फोटो चाळले आणि जळालेले भाग दाखवणारा इशारा सुरू केला. कुरवाची छाती, पोट, सगळं लुकलुकायला लागलं. कडंसुद्धा.

मी अपर्चर प्रायॉरिटीवर होतो, म्हणजे भिंगाचं छिद्र मी ठरवायचं आणि शटरचा वेग कॅमेऱ्यानं, त्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरवरून. मीटरला पक्षी-बिक्षी कळत नाही, समोरचं सगळं मध्यम करड्यावर आणून ठेवायचं एवढंच त्याला ठाऊक. चौकटभर गडद निळं पाणी आणि मध्ये एवढासा पांढरा पक्षी. मीटरनं पाणी उजळवलं, त्यात पक्षी जळाला. शिवाय आदल्या दिवशी पांढरट आभाळाखाली काम करताना उजेड वाढवायला दिलेलं +२/३ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) मी काढलंच नव्हतं. इतक्या वर्षांत हे सगळं तोंडपाठ झालंय, म्हणूनच जास्त लाज वाटली.

जेवणानंतर आधी −१ १/३ करून पाहिलं. पाण्यावर छान जमलं. पण सुरय हा पांढरा समुद्रपक्षी एका झेपेत आभाळ, फेस आणि खोल पाणी अशा तिन्हींवरून जातो. आभाळापुढे गेला की तोच सुरय मळक्या धुण्यासारखा करडा! मागचा रंग बदलला की मीटर मत बदलतो, पक्ष्यावर पडणारं ऊन मात्र तसूभरही बदललेलं नसतं. मग सरळ मॅन्युअलवर गेलो, म्हणजे सगळं स्वतः ठरवायचं, आणि ऑटो आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता कॅमेऱ्यानं आपोआप बदलणं) बंद केला, कारण तो चालू राहिला तर मॅन्युअल फक्त नावापुरतं उरतं.

निरभ्र उन्हात छिद्र एफ/१६ आणि शटर एक भागिले आयएसओ इतके सेकंद, हा फिल्मच्या काळापासूनचा हिशेब. आयएसओ ४०० ला एफ/१६ वर १/४००, म्हणजेच एफ/८ वर १/१६००. पांढऱ्या पिसांसाठी त्याहून दोन-तृतीयांश स्टॉप कमी, म्हणून १/२५००. एक फ्रेम घेतली, टॉवेल डोक्यावर ओढून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, पाहिला. आलेख उजव्या, म्हणजे पांढऱ्याच्या, भिंतीजवळ येऊन थांबला होता, भिंतीला चिकटला नव्हता. पंखावरची पिसं एकेक मोजावीत अशी. मध्येच एक पाणकावळा आला, त्या काळ्यासाठी दीड स्टॉप वाढवला आणि परत आणायला विसरलो. चार सुरय त्यात गेले.

ऊन डोक्यावर होतं तोवर पंखांखाली काळोख आणि सुरयच्या काळ्या टोपीत डोळा गडप. चारनंतर सूर्य जरा कलला, बोट फिरवून त्याला पाठीशी घेतलं आणि डोळ्यात ठिपका चमकायला लागला. दिवसभराचे खरे फोटो त्या दीड तासातले. तेवढ्या वेळात बोयाजवळून गेलेल्या प्रत्येक कुरवाचे पाय मी पाहत होतो. कडं एकाच्याही पायात नव्हतं.

रात्री सकाळच्या रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं नोंदलेल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइल, उघडल्या. रॉमध्ये पडद्यावर दिसतं त्याहून थोडं जास्त हाती लागतं, तेवढ्यावर भिस्त होती. उजेड खाली ओढल्यावर छातीवर पिसांच्या पुसट रेषा आल्या. कड्यावरच्या चारपैकी पहिलं आणि शेवटचं अक्षर वाचता आलं. मधल्या दोघांच्या काळ्या रेघा भोवतालच्या पांढऱ्यानं खाल्ल्या होत्या.

संशोधक मॅडम माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या. "हा आठ आहे की तीन?"

"सांगता नाही येत, मॅडम."

त्यांनी नोंदवहीत पहिलं अक्षर लिहिलं, दोन घरं मोकळी सोडली आणि शेवटचं लिहिलं.