प्रार्थनेने खाणे सुटले का?

उपासना संपल्यावर आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) आवारात, कधी लग्नाच्या मांडवात, तर कधी अनोळखी क्रमांकावरून आलेल्या फोनवर मला एकच प्रश्न विचारला जातो: ‘बाई, तुमचे खाण्याचे व्यसन नुसत्या प्रार्थनेने सुटले म्हणतात, ते खरे आहे का?’ विचारणाऱ्यांपैकी काहींना ‘होय’ ऐकायचे असते, कारण घरात कोणीतरी तसेच खाणारे असते आणि त्याला डॉक्टरांकडे नेण्याची लाज वाटत असते. काहींना ‘नाही’ ऐकायचे असते, म्हणजे प्रार्थनेचा विषय तिथेच संपतो. त्या सर्वांसाठी सांगते, पण माझे उत्तर दोघांच्याही सोयीचे नाही.

आधी ते खाणे काय होते हे सांगायला हवे, कारण पुष्कळांना ते चवीचे वेड वाटते. रात्री घर झोपल्यावर मी स्वयंपाकघरात उभ्यानेच खात असे. शिळी भाकर, गूळ, शेंगदाणे, डब्यातले फरसाण, जे हाताला लागेल ते. पोट भरलेले असताना, भराभर, आणि कोणी उठेल या भीतीने खाल्लेल्या त्या घासांना चव नसायचीच. नंतर स्वतःची किळस यायची, आणि सकाळी डब्यातली घट भरून काढण्याची लगबग असायची. ‘खाण्याचे व्यसन’ असे आपण म्हणतो, पण अधिकृत निदानांच्या यादीत ते नाही. मात्र आठवड्यातून किमान एकदा, सलग तीन महिने, ताबा सुटून असे खाणे घडत असेल, तर त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात, आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत 2013 पासून तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे. दारू सोडणाऱ्याला गुत्त्याचा रस्ता टाळता येतो. आम्हाला मात्र त्याच चुलीसमोर रोज उभे राहावे लागते.

माझ्या खाण्याच्या मुळाशी भूक नव्हती, भीती होती, आणि ती भीती मला घरातून मिळाली होती असे मला आज वाटते. 1972 च्या दुष्काळात माझी आई आजच्या जालना जिल्ह्यात दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मजुरांना मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो यांच्या आठवणी ती शेवटपर्यंत सांगत असे. पुढे बरे दिवस आले, तरी तिच्या कणग्या भरलेल्याच असत आणि ताटात उरलेला घास पाहून तिचा जीव कासावीस होई. ‘खाऊन घे, उद्याचे कोणी पाहिले आहे’ हे वाक्य तिने प्रेमाने म्हटले, मी ते आज्ञेसारखे पाळले. त्यात आम्ही ख्रिस्ती. ‘दुष्काळात धान्यासाठी बाटलेले’ हा टोमणा मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांना नवा नाही. ज्यांच्या विश्वासावर भाकरीचा आळ आहे, त्यांनी भाकरीपुढे आपण हतबल होतो हे चारचौघांत बोलायचे तरी कसे? मंडळीत दारू सोडलेल्या माणसाने साक्ष दिली की ‘आमेन’ उठते; हावरेपणाची साक्ष मी कधी ऐकली नव्हती. उलट प्रीतिभोजनात दुसऱ्यांदा वाढून घेणारी बाई सर्वांना आवडते.

आमच्याकडे कोणत्याही अडचणीवर पहिला उपाय म्हणजे उपास-प्रार्थना. मीही शुक्रवारचे उपास धरले, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, दिवसांत एकवेळ जेवले, आणि प्रत्येक उपासाच्या रात्री नेहमीपेक्षा अधिक खाल्ले. छत्रपती संभाजीनगरच्या एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी त्यामागचे कारण समजावले: दिवसभर स्वतःला उपाशी ठेवले की शरीर आणि मन दोन्ही खाण्याकडे ओढ घेतात, मग तोल सुटतो, मग अपराधीपणातून पुन्हा उपास, आणि फेरा चालू राहतो. त्यांनी तीन वेळचे ठरलेले जेवण आणि खाण्याची नोंदवही सांगितली. मी ते घाबरतच पाळकसाहेबांच्या कानावर घातले. त्यांनी पवित्र शास्त्र उघडून एलियाची गोष्ट काढली. जिवाला कंटाळून झाडाखाली झोपलेल्या त्या संदेष्ट्याला देवदूत उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देऊन ‘ऊठ, खा’ म्हणतो, आणि तेही दोनदा. ‘तुमच्यासाठी वेळेवर जेवणे हीच आज्ञापालनाची गोष्ट आहे, उपास आम्ही धरू’ असे ते म्हणाले. औषधाच्या कोणत्याही चिठ्ठीने इतके हलके मला कधी वाटले नव्हते.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियस या साधूने माणसाला छळणारे आठ विचार सांगितले आहेत आणि त्यांत खादाडपणा पहिला ठेवला आहे. त्याचे वर्णन वाचून मी चकित झाले, कारण त्यात पक्वान्ने नाहीतच. तो विचार साधूला त्याचे पोट, यकृत आणि प्लीहा दाखवतो. लांबलेल्या आजाराची, गरजेच्या वस्तू नसण्याची आणि वैद्य न मिळण्याची धास्ती घालतो. म्हणजे खादाडपणा त्याच्या दृष्टीने उद्याची भीती होती. हे वाचताना मला आईच्या कणग्या आठवल्या.

तिथून माझी प्रार्थना बदलली. आधी मी ‘प्रभू, ही इच्छाच काढून टाक’ असे मागत होते आणि इच्छा गेली नाही की विश्वास कमी पडला असे समजत होते. आता मी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातल्या मान्न्याकडे, म्हणजे देवाने रानात पुरवलेल्या अन्नाकडे, पाहून प्रार्थना करते. इस्राएली लोकांनी रोज माणशी एक ओमर, म्हणजे ठरलेले एक माप, गोळा करायचा होता. ज्यांनी भीतीने सकाळपर्यंत ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले आणि दुर्गंधी सुटली. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट घ्यायची मोकळीक होती, आणि तो वाटा नासला नाही. देवाला साठवणूकच नको होती असे नव्हे, भीतीपोटी केलेली साठवणूक नको होती, असा मी त्याचा अर्थ घेते. म्हणून जेवायला बसण्याआधी मी फक्त त्या जेवणापुरते मागते, आणि प्रभूच्या प्रार्थनेतली ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ ही ओळ म्हणताना ‘आज’ या शब्दापाशी थांबते. रात्री खाण्याची हाक आलीच, तर उद्या सकाळीही भाकर होईल, हे देवासमोर मोठ्याने म्हणते. ऐकायला हे बालिश वाटेल. पण माझ्या मनात बसलेल्या दुष्काळाला तर्काने कधी उत्तर मिळाले नव्हते.

याहून अवघड भाग माणसांचा होता. एकमेकांजवळ पापे कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे. ते पाळायला मला बराच काळ लागला. महिला मंडळातल्या एका बाईंना मी सगळे सांगितले. त्यांनी ना धक्का दाखवला, ना पथ्य सुचवले. वाईट रात्री मी त्यांना फोन करते, आम्ही थोडी प्रार्थना करतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच गोष्टींवर बोलत बसतो. माझ्या खाण्याला एकांत लागत होता, आणि तो एकांतच या फोनने काढून घेतला. मला विचाराल तर, बरे होण्यातला प्रार्थनेचा मोठा वाटा इथे आहे; डॉक्टरबाईंच्या नोंदवहीपुढेही मी खोटे लिहू शकत होते, या बाईंपुढे नाही.

तेव्हा ‘सुटले का’ याचे उत्तर असे, की ओढ आहे, क्वचित तोलही जातो, पण लपवाछपवी संपली आहे. घरातल्या कोणासाठी विचारत असाल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, त्या व्यक्तीच्या उपासाचे कौतुक करू नका, आणि डबे कुलपात ठेवू नका. नाताळच्या फराळाचे काय करते असेही काहीजण विचारतात, म्हणून तेही सांगते: करंज्या आणि चकल्या मीच करते, सगळ्यांबरोबर पंगतीत खाते, आणि शेजारी वाटायचे डबे त्याच संध्याकाळी पोचवते.