दरवर्षी तीच नदी का?

आमच्या न्यू जर्सीच्या मंडळींत हा प्रश्न दर उन्हाळ्यात निघतो: तीन दिवस कनू म्हणजे निमुळती होडी वल्हवायची आणि तंबूत राहायचे, तर दरवर्षी डेलावेअरच का?

मिलफर्डपासून किटॅटिनी पॉइंटपर्यंतचे सुमारे ५५ किलोमीटर मला पाठ आहेत, असे मी पूर्वी सांगत असे. ते खरे नाही. ऑगस्टमध्ये पाणी उतरले की गेल्या वर्षीची वाट बुजलेली असते आणि उथळ खळाळात पाण्याकडेच पाहावे लागते: निमुळते टोक पुढे गेलेला गुळगुळीत पट्टा म्हणजे वाट, आणि टोक आपल्याकडे वळलेले असेल तर खाली धोंडा. एकदा गप्पांच्या नादात हे विसरलो, नाव आडवी झाली, आणि तोंड नीट न गुंडाळलेल्या पिशवीतले पोहे रात्रीऐवजी दुपारीच भिजले.

पण खरे कारण काठावर आहे. १९५५च्या महापुरानंतर याच नदीतल्या टॉक्स बेटाशी धरण बांधायचे ठरले, १९६२मध्ये त्याला मंजुरी मिळाली, आणि जलाशयासाठी खोऱ्यातली शेते व घरे ताब्यात घेऊन त्यांतली बरीच पाडण्यात आली. पुढे विरोध वाढला, १९७५मध्ये खोऱ्यातल्या राज्यांनी बहुमताने नकार दिला, आणि अखेर योजना रीतसर रद्द झाली. धरण झाले नाही, पण माणसे मात्र उठली होती. आज आपण तंबू ठोकतो तो काठ त्याच संपादित जमिनीचा आहे.

माझे आजोळ कोयनेच्या जलाशयात गेले, तेव्हा आई आठ वर्षांची होती. ती इकडे आली असताना तिला याच नदीकाठच्या ओल्ड माइन रोडने गाडीतून फिरवले. झाडीत एक जोते दिसले. कोपऱ्यातल्या काळवंडलेल्या दगडांवर हात ठेवून ती म्हणाली, "इथं चूल असणार." मग तिने मला विचारले, की पाणी आलेच नाही तर ही माणसे परत का आली नाहीत. जमीन सरकारकडेच राहिली, एवढेच मला सांगता आले.

तिसऱ्या दिवशी टॉक्स बेट येते. तिथे थांबण्याजोगे काही नाही. झाडे आहेत, गोटे आहेत, आणि दोन्ही अंगांनी पाणी वाहते आहे. मी वल्हे मांडीवर आडवे ठेवतो आणि बेट मागे पडेपर्यंत उचलत नाही.