गॅस गोदामाचं लायसन काढताना: माझा अनुभव

वेल्डिंगच्या मालाचं आमचं दुकान ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं. रॉड, होल्डर, नोझल, ग्राइंडिंगच्या चकत्या, काळ्या काचा. सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी उभं केलेलं, आता मी चालवते. गॅस आधी नुसता जोडीला होता. ऑक्सिजनचे आणि डीएचे, म्हणजे ॲसिटिलीनचे, थोडे बाटले मागच्या भिंतीला साखळीने बांधलेले असायचे. कुणा कटरवाल्याचं अडलं की द्यायचे.

पुढे गिऱ्हाईकच बदललं. वागळेतले कितीतरी फॅब्रिकेशनचे गाळे गेले, तिथे ऑफिसं आली. काम खाडीपलीकडे सरकलं, रबाळे, महापे, पावणे, तुर्भ्याला. ऐरोली-महाप्याकडे डेटा सेंटरं उभी राहिली, त्यांच्या कूलिंगच्या पाइपांचं वेल्डिंग निघालं. मेट्रोचं आणि विमानतळाचं लोखंडकाम होतंच. ही मंडळी आर्गन, म्हणजे वेल्डिंगच्या जागेवर हवा लागू न देणारा गॅस, मागतात, आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण मागतात, आणि सकाळी फोन केला की दुपारपर्यंत माल दारात हवा असतो.

मोठ्या कारखान्याच्या आवारात टाकी असते, तिथे गॅस कंपनीचा टँकर थेट जातो. दिवसाला चार-पाच बाटले लागणाऱ्या गाळ्यावर तो कशाला येईल? आणि बाटला लांबून आणणं परवडतही नाही. नेहमीच्या ऑक्सिजनच्या बाटल्यात 7 घनमीटर गॅस मावतो, म्हणजे वजनाने जेमतेम 9 किलो. तेवढ्यासाठी टेम्पोने 50 किलोंच्या आसपासचं लोखंड न्यायचं, आणि रिकामं झालं की तेच परत आणायचं. म्हणून हा धंदा जवळच्या वितरकाकडेच येतो. आम्ही रबाळ्याला गोदाम घ्यायचं ठरवलं.

थोडे बाटले ठेवायला लायसन लागत नाही. गॅस सिलिंडर नियम 2016 प्रमाणे ॲसिटिलीनचे 50 पर्यंत, आणि ऑक्सिजन, आर्गनसारख्या न पेटणाऱ्या, बिनविषारी गॅसचे 200 पर्यंत चालतात. त्यापुढे फॉर्म एफमधलं लायसन काढावं लागतं. ते पेसो देते, म्हणजे पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना. मुख्यालय नागपूरला, आपल्याकडचं ऑफिस सीबीडी बेलापूरच्या सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये. अर्ज ऑनलाइन भरायचा. आधी नकाशा मंजूर करून घ्यायचा, त्याबरहुकूम बांधायचं, मग लायसन. एका सल्लागाराने “शेड टाकून घ्या, नकाशा मागाहून बसवू” असं सुचवलं होतं. मी त्याचं काम तिथेच थांबवलं. भिंत चुकीच्या जागी उठली तर ती पाडायचा खर्च तो थोडाच देणार होता!

नकाशाने मला धंदा नव्याने शिकवला. भरलेले कुठे, रिकामे कुठे, हे वेगळं दाखवायचं. पेटणारा गॅस आणि ऑक्सिजन यांच्यात पुरेसं अंतर किंवा आग अडवणारी भिंत हवी. आम्हाला जागा अपुरी, म्हणून भिंतच घेतली. वारा खेळता हवा, आणि डीएच्या बाजूचे दिवे, बटणं फ्लेमप्रूफ, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरचा गॅस न पेटणारी. कामावरचा नवा हमाल म्हणाला, “ताई, डीए आडवे रचले तर दुप्पट बसतील की.” अप्पा तिथेच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी त्याला जवळ बोलावलं. “अरे, ह्याच्या पोटात सच्छिद्र भरण असतं, त्यात ॲसिटोन मुरलेलं, आणि त्या ॲसिटोनमध्ये गॅस विरघळलेला. नुसतं ॲसिटिलीन दाबाखाली धरवत नाही, आपोआप फुटतं. आडवा टाकलास तर ॲसिटोन व्हॉल्व्हमधून बाहेर येईल. तो उभाच राहणार.” त्या पोराने पुन्हा कधी डीए आडवा ठेवला नाही, उतरवतानाही.

खरा वेळ गेला बाटल्यांच्या मोजणीत. आमचे स्वतःचे किती, कंपनीचे किती, गिऱ्हाइकांकडे किती, ह्याचा धड पत्ताच लागेना. ह्याला 2021 सालही कारण होतं. कोविडच्या लाटेत 22 एप्रिलपासून केंद्राने मोजके उद्योग सोडून बाकीच्यांचा ऑक्सिजन बंद केला होता. आमचे ऑक्सिजनचे काळे बाटलेही भरणा केंद्रामार्फत दवाखान्यांकडे गेले, आणि जावेत असंच आम्हाला वाटत होतं. त्यातले सगळे काही परत आले नाहीत, काहींच्या बदल्यात भलत्याच मालकीचे आले.

मग मी आणि दोघी मुली तारेचा ब्रश घेऊन बसलो. बाटल्याच्या खांद्यावर सगळं कोरलेलं असतं: मालकाची खूण, नंबर, रिकामं वजन, शेवटच्या चाचणीचा महिना आणि साल. पण त्यावर रंगाचे थर चढलेले. घासायचं, बोटाने चाचपायचं, मोबाइलची बॅटरी तिरकी धरायची, की मग खाचेतला आकडा उमटतो. एकीने वाचायचा, दुसरीने वहीत उतरवायचा. ऑक्सिजनच्या बाटल्याची पाण्याच्या दाबाची चाचणी दर 5 वर्षांनी लागते. मुदत उलटलेले बाजूला काढून चाचणीला पाठवले, परक्या खुणेचे ज्याचे त्याला पोचते केले. हे काम लायसनसाठी म्हणून सुरू केलं, पण ह्या धंद्यात पैसा गॅसपेक्षा बाटल्यात अडकतो, हे मला वहीचे आकडे बघूनच नीट पटलं. रिकामा बाटला महिनाभर गिऱ्हाइकाच्या कोपऱ्यात पडून राहिला, तर तेवढ्या काळात त्याच्या तीन-चार फेऱ्या झाल्या असत्या.

लायसन आलं. कागद दारामागे लावला आणि कामाला लागलो. आता चलनावर प्रत्येक बाटल्याचा नंबर लिहिला जातो, अनामत घेतली जाते, आणि ठरल्या दिवसांनंतर भाडं लागतं. भाड्यावरून जुनी गिऱ्हाइकं नाराज झाली. “अप्पांच्या वेळी असलं काही नव्हतं,” असं दोघा-तिघांनी तोंडावर ऐकवलं, एक जण सोडूनही गेला. बाकीच्यांचे रिकामे मात्र वेळेवर यायला लागले. टेम्पो जाताना भरलेले नेतो आणि येताना तितकेच रिकामे आणतो. सध्या आर्गनची मागणी सगळ्यात जास्त आहे, म्हणून पुढची खरेदी निळ्या बाटल्यांची.